आग्वादचं जुनं लाइटहाऊस
आज गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावर गेलो होतो, लोकं सेल्फी काढून लगेच निघतात पण ते जुनं लाइटहाऊस जरा थांबून बघाच राव! किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ ला बांधून पूर्ण केला, डचांना अडवायला, आणि हा चार मजली गोल मनोरा १८६४ चा, १९७६ मध्ये जवळच नवीन टॉवर झाला तेव्हा हा बंद केला. पण मला खरी कमाल वाटली ती तिथल्या टाकीची, १६ खांब, जवळपास २४ लाख गॅलन गोडं पाणी मावायचं म्हणे, जहाजं इथंच पाणी भरून पुढच्या प्रवासाला लागायची!! तटाचा जांभा उन्हानं तापलेला, हाताचं बोट जाईल एवढी भोकं दगडात, तरी चिरा हललेला नाही. आणि जागा बघा, थेट मांडवी नदीच्या तोंडावर.