तुम्ही विचारलेत म्हणून: आयसीयूत फार्मासिस्टचे काय काम?

"औषध डॉक्टर लिहितात, नर्स देतात, मग आयसीयूत तुमचे काम काय?" हा प्रश्न मला डोंबिवली लोकलमध्ये, सोसायटीच्या गणपतीत आणि एकदा मुलीच्या शाळेतल्या पालकसभेतही विचारला गेला आहे. त्यात रागावण्यासारखे काही नाही. मी परळच्या रुग्णालयात 'मेडिकलवर' बसते, असे माझ्या आईलाही बरीच वर्षे वाटत होते.

माझी सकाळ मूत्रपिंडांपासून सुरू होते. राउंडच्या आधी प्रत्येक रुग्णाचे क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडे थकली की रक्तात वाढतो), चोवीस तासांतली लघवी आणि चालू औषधे मी शेजारी-शेजारी मांडून पाहते, कारण कित्येक औषधे लघवीवाटेच बाहेर पडतात आणि ती वाट एका रात्रीत मंदावू शकते. मेरोपेनेम हे प्रतिजैविक एरवी दर ८ तासांनी १ ग्रॅम देतात. मूत्रपिंडे थकली की तेच १२ तासांनी, आणखी थकली तर मात्राही निम्मी. केवळ आकड्यावर मात्र विसंबता येत नाही. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या हडकुळ्या आजींचे स्नायूच इतके झडलेले असतात की मूत्रपिंडे कमकुवत असूनही क्रिएटिनिन नॉर्मल दिसते.

मागे अपस्माराच्या एका रुग्णाला, जो अनेक वर्षे व्हॅलप्रोएट या झटके रोखणाऱ्या औषधावर स्थिर होता, न्यूमोनियासाठी रात्री मेरोपेनेम सुरू झाले. ही दोन औषधे एकत्र आली की व्हॅलप्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने घसरते. सकाळी मी हे सांगताच तरुण रेसिडेंट म्हणाले, "मग व्हॅलप्रोएट वाढवू या." विचार साहजिक होता, पण मात्रा वाढवूनही ही घसरण सहसा भरून निघत नाही, हे मी त्यांना समजावले. वरिष्ठांनी लेव्हेटिरॅसिटॅम हे झटक्यांवरचे दुसरे औषध जोडले आणि कल्चरचा, म्हणजे जंतू कोणता हे सांगणारा, अहवाल आल्यावर प्रतिजैविकही बदलले. रुग्णाला झटका आला नाही, त्यामुळे बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगण्यासारखेही काही घडले नाही.

बाकीचा दिवस लहानसहान प्रश्नांचा. फेनिटॉइन हे झटक्यांवरचे औषध शिरेतून सलाइनमध्येच द्यायचे, डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) त्याचा साका होतो. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या अमियोडॅरोनचे नेमके उलट, त्याला डेक्स्ट्रोज हवे. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) द्यायची म्हणून हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम पोटात जाते.

या कामासाठीचा सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ साली आला. त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. पुतणीला पाठवू का, असे विचाराल तर पाठवा, पण अशी पदे अजून थोडी आहेत हेही तिला आधीच सांगा.

माझ्या आवडीचे काम मात्र दुपारच्या भेटीच्या वेळेतले. नव्या रुग्णाचे घरचे लोक प्लास्टिकच्या पिशवीत औषधे घेऊन येतात. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, नावाचा भाग नेमका कापून गेलेला, रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी. ती पिशवी मी बाकावर रिकामी करते, एकेक पट्टी लावून यादी लिहिते आणि शेवटी विचारते, "आयुर्वेदिक काही?" आधी सगळे मानेने नाही म्हणतात. मग सूनबाई पर्समधून चूर्णाची बाटली काढतात.