बोरीकाठचं अमळनेर : नदीपासून स्टेशनापर्यंत

अमळनेरला बाहेरून येणारे पुष्कळ लोक मंगळवारी येतात. मंगळग्रह मंदिरात दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. दर्शनाला जरूर जा, पण गाव पाहायचं असेल तर मंगळवार सोडून दुसरा दिवस धरा. त्या दिवशी रिक्षा, लॉज, खानावळी सगळीकडे गर्दी असते. आम्ही गुरुवारी गेलो आणि सकाळपासून निवांत फिरलो.

सुरुवात नदीवरून करा असं मी आग्रहाने सांगेन, कारण गावाचा क्रम तोच आहे. बोरीच्या काठी आधी किल्ला आणि वस्ती, मग संतांची वाडी, मग इंग्रजी अमलातला कापूस, रेल्वे आणि गिरणी, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळा. हा क्रम धरून चाललात तर इमारती आपोआप बोलायला लागतात. स्टेशनवर उतरून थेट प्रताप कॉलेज पाहायला गेलात तर मधली दोनशे वर्षं निसटतात.

बोरीला वर तामसवाडीला धरण आहे. त्यामुळे हिवाळ्यानंतर पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि झुडपंच जास्त दिसतात. या पात्रातच संत सखाराम महाराजांचं समाधी मंदिर आहे. वैशाखात इथे यात्रा भरते, एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी निघते आणि खानदेशातली गावंच्या गावं वाळवंटात उतरतात. अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात ते यामुळेच. यात्रेला यायचं असेल तर एवढं ध्यानात असू द्या की वैशाखातलं खानदेशचं ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत जातं. डोक्याला उपरणं आणि बरोबर पाणी नसेल तर दुपारी बाहेर पडू नका. नुसत्या इमारती पाहायच्या असतील तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

नदीवरून वर चढलं की जुना दगडी दरवाजा लागतो. बोरीकाठच्या किल्ल्याची ही उरलेली खूण. पेशवाई बुडाली तेव्हा, 1818 मध्ये, इथल्या अरब शिबंदीने, म्हणजे किल्ल्यावरच्या पगारी सैनिकांनी, किल्ला सोडायला नकार दिला होता. इंग्रजी फौज चालून आल्यावर त्यांनी हत्यारं खाली ठेवली. खानदेशात इंग्रजांचा अंमल बसला तो अशा एकेका गढीवरून. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात या दरवाजाचा एक बुरूज ढासळला. तिथे उभं राहून मला खरंच वाईट वाटलं. एवढा जुना दगड एका पावसात जात नाही. त्याआधी कितीतरी पावसाळ्यांत सांध्यांतला चुना वाहून गेलेला असतो. दरवाजाला टेकून गाड्या लावू नका, फोटोसाठी वर चढू नका.

पुढे जुन्या पेठेत शिरा. सागवानी खांबांची, माडीला लाकडी कठडे असलेली घरं अजून अधूनमधून दिसतात. आम्ही एका ओट्यासमोर थांबून दाराच्या चौकटीवरचं कोरीव काम पाहत होतो, तर आतून एक आजी बाहेर आल्या. "कथाईन उनात, भाऊ?" त्यांनी अहिराणीत विचारलं. धुळ्याहून आलो म्हटल्यावर पाणी आलं, मग चहा, आणि शेवटी घर आतून बघायला मिळालं. या गल्ल्यांत कॅमेरा काढण्याआधी दोन शब्द बोला, घराचे दरवाजे उघडतात.

आता कापूस. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. खानदेशच्या काळ्या जमिनीला तेव्हापासून वेगळाच भाव आला. पुढे 1900 च्या सुमारास सुरतेकडून आलेली ताप्ती व्हॅली रेल्वे आणि जळगावकडून आलेली जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची शाखा अमळनेरला एकमेकींना मिळाल्या. कापसाला दोन्हीकडे वाट मिळाली. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंग होतीच, पुढे कापडगिरणीही आली, प्रताप मिल. शेठ मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांचं नाव तिथून गावभर दिसायला लागतं.

मला या गावाचं मोठं अप्रूप वाटतं ते याच ठिकाणी. कापसाने श्रीमंत झालेली गावं खानदेश-वऱ्हाडात कमी नाहीत. पण गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाची संस्था काढणारं गाव मला दुसरं माहीत नाही. प्रतापशेठांनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास करण्यासाठी देशभरातले अभ्यासक या बोरीकाठच्या गावात येऊन राहिले. तत्त्वज्ञ घ. रा. मलकानी यांनी इथे अनेक वर्षं काम केलं, तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य बंगालहून आले. तरुण पांडुरंग सदाशिव साने 1923 मध्ये आले तेही इथेच, तत्त्वज्ञान शिकायला. आज ही वास्तू प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. कामाच्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेत जा, आधी कार्यालयात विचारा. आपण कशासाठी आलो ते नीट सांगा. रविवारी फाटकावरूनच परत फिरावं लागेल. आत गेलात तर घाई करू नका. एका कापूसव्यापाऱ्याने मायावाद आणि ब्रह्मविचार यांवर खर्च केला, ही गोष्ट त्या आवारात थोडा वेळ बसल्याशिवाय पटत नाही.

साने पुढच्याच वर्षी, 1924 मध्ये, इथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. तीच आजची प्रताप हायस्कूल. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, मुलांची अंथरुणं घालण्यापासून त्यांचे कपडे धुण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. 'साने गुरुजी' ते झाले ते या गावात. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. शाळा चालू आहे, त्यामुळे मधल्या सुटीत किंवा शाळा सुटल्यावरच जा. वर्ग चालू असताना व्हरांड्यात घोळका करून उभं राहणं बरं दिसत नाही.

अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा झालं, 1952 मध्ये आणि नंतर 2024 मध्ये, सत्त्याण्णवावं. तालुक्याच्या गावाला हा मान दोनदा मिळतो याचं कारणही त्या शाळा-कॉलेजांतच आहे.

स्टेशनाकडे परतताना विप्रोची आठवण काढायलाच हवी. 1945 मध्ये महंमद प्रेमजींनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. तिचं पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. त्या काळी घेतलेले शेअर सांभाळून ठेवलेली घरं या गावात आहेत, आणि चहाच्या टपरीवर तो विषय निघाला की गप्पा लवकर संपत नाहीत. कारखाना मात्र बाहेरूनच पाहा, आत जायला परवानगी लागते.

जेवणाचं : खानावळीत शेवभाजी, भाकरी आणि ठेचा मागा. शेवभाजी तिखट असते, सवय नसेल तर आधी सांगा. हिवाळ्यात गेलात तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नका. खापरावरचे मांडे दर वेळी मिळत नाहीत, आधी विचारून ठेवावं लागतं.

यायचं कसं : सुरत–भुसावळ मार्गावर स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तिकीट काढण्याआधी थांबा तपासा. धुळ्याहून आणि जळगावहून एसटी मिळते. गावात जुनी पेठ पायी होते, मंदिर आणि कॉलेजकडे रिक्षा करा. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी वीसेक किलोमीटरवरच्या पारोळ्याचा भुईकोट पाहता येईल. 1727 मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला. भोवती खंदक आहे, आत झाडोरा वाढलेला असतो, बूट घालून जा. पारोळा धुळे–जळगाव महामार्गावरच असल्याने तिथून कुठल्याही दिशेची एसटी पकडता येते.