शाम शुई पोतले चिरोटे

हाँगकाँगला पोचलो तो मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. तिकिटं नवऱ्याने काढली होती आणि त्याने कॅलेंडरात फक्त भाडं कुठल्या दिवशी कमी आहे तेवढंच पाहिलं होतं. त्यामुळे ज्या गोष्टीसाठी मी भाचीच्या मागे सहा महिने लागले होते, ती समोर काचेच्या कपाटात वाफाळत असताना मी हातात केळं घेऊन फुटपाथवर उभी होते. नवरा शेजारी उभा राहून अंड्याचा टार्ट खात होता. दोन खाल्ले. दुसरा मला दाखवून खाल्ला.

आम्ही उतरलो होतो मेई हो हाउसमध्ये. भाचीच्या घरात पलंग उघडला की दार उघडत नाही, म्हणून तिनेच हे हॉस्टेल शोधून दिलं. ही इमारत १९५४ची. त्याआधीच्या वर्षी, ख्रिसमसच्या रात्री, शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली आणि ५० हजारांहून जास्त माणसं एका रात्रीत उघड्यावर आली. बरेचसे चीनमधून पळून आलेले निर्वासित. त्यांच्यासाठी सरकारने इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या सहा-सात मजली इमारती बांधायला घेतल्या, नळ आणि संडास सगळ्यांना मिळून. हाँगकाँगची सरकारी घरं इथून सुरू झाली. त्यातली ही एक शिल्लक ठेवली आहे. खाली छोटं संग्रहालय आहे, एका खोलीत तेव्हाचा संसार मांडून ठेवलाय. दुमजली पलंग, स्टोव्ह, शिवणाचं मशीन. नवरा बराच वेळ तिथे उभा होता. त्याचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलेलं.

तिथून उतारावरून खाली आलं की शाम शुई पो. पर्यटकांच्या फोटोतलं हाँगकाँग हे नव्हे. आपलिउ स्ट्रीटवर जुने रिमोट, चार्जर, निम्मे उघडलेले रेडिओ जमिनीवर मांडलेले. एका गल्लीत नुसती कापडं, दुसरीत नुसती बटणं आणि मणी. शहरातल्या गरीब भागांपैकी हा एक, आणि म्हणूनच खाणं स्वस्त. आमची बेकरी अशाच एका कोपऱ्यावर होती. पाटीवर फक्त चिनी अक्षरं, लाल रंगात. नाव मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही, तेव्हा कृपा करून विचारू नका.

शुक्रवारी सकाळी सातला मी एकटीच खाली गेले. बेकरीला दर्शनी भिंत अशी नाहीच. रस्त्याकडे तोंड करून काचेची कपाटं, त्यांत पत्र्याचे ट्रे, त्यांवर बन. मागच्या बाजूने एक माणूस नुसत्या बनियनवर मोठे ट्रे आणून सरकवतो आणि परत आत जातो. पुढे गल्ल्यावर एक काकू. वय माझ्याएवढंच असेल, केस बारीक कापलेले, हातात चिमटा. मी बोटाने दाखवलं आणि दोन बोटं वर केली. तिने दोन टार्ट कागदी पिशवीत घातले, तोंडाने आकडा सांगितला, मग माझा चेहरा बघून गणकयंत्रावर टाइप करून दाखवला. एक टार्ट सहा डॉलर. तिथल्या डॉलरला तेव्हा आपले अकराएक रुपये पडायचे, म्हणजे साठ-सत्तर रुपयांना एक. पुण्यात बरी पेस्ट्री याहून महाग पडते, आणि हे हाँगकाँग आहे. पैसे रोख. तिथे बसपासून दुकानापर्यंत सगळीकडे ऑक्टोपस कार्ड चालतं, पण या काकूंच्या गल्ल्यापाशी येऊन ते थांबतं.

पैसे परत देताना ती काहीतरी म्हणाली, ‘लेंग नोय’ असं काहीसं. दुपारी भाचीला फोनवर विचारलं तर ती हसत सुटली. “मावशी, सुंदरी म्हणाली ती तुला.” बाजारात भाजीवालेसुद्धा सरसकट सगळ्या बायकांना तसंच हाक मारतात, हे तिने लगेच जोडलं. जोडायची गरज नव्हती.

आता टार्ट. तळहातात मावेल एवढी वाटी, आत पिवळंधमक, आरशासारखं सपाट. वर एकही डाग नाही, साय नाही. हलवलं की खरवसासारखं थरथरतं. अंडी, साखरेचं पाणी आणि डब्यातलं आटवलेलं दूध, एवढाच मामला; पण ते गाळून घेतात आणि भट्टी फार तापू देत नाहीत, म्हणून वर फुगून फाटत नाही. गोड आपल्या मानाने कमी. गरम असताना खायचं. मी पहिला घास घाईत घेतला आणि जीभ पोळली, पण ते नंतर कळलं. आधी कळली ती कडा. दाताखाली तिचे पापुद्रे सुटले, एकेक वेगळा, आणि मी रस्त्यातच म्हणाले, “अगं, हे तर चिरोटे!”

मी वीस-बावीस वर्षं दिवाळीत चिरोटे करते आहे. पोळ्या लाटायच्या, एकीवर एक ठेवताना मध्ये तूप आणि कॉर्नफ्लोअरचा साटा लावायचा, वळकटी करायची, कापायची, हलक्या हाताने लाटून तळायची. या टार्टच्या वाटीतही तेच आहे. एक पीठ पाण्यात आणि अंड्यात मळलेलं, एक नुसतं स्निग्धात मळलेलं. पहिल्यात दुसरं गुंडाळायचं, लाटायचं, घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. म्हणजे साटाच, फक्त तळण्याऐवजी भट्टी. फरक एवढाच की त्यांचे पापुद्रे कागदासारखे पातळ होते आणि माझे, खरं सांगायचं तर, दर दोन वर्षांनी एकदा जमतात.

म्हणतात की मूळ कल्पना इंग्रजांच्या कस्टर्ड टार्टची. ती १९२०च्या दशकात चीनमधल्या ग्वांगझौच्या मोठ्या दुकानांत रुळली आणि तिथून हाँगकाँगच्या चहाच्या दुकानांत आली. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांना या टार्टचं इतकं वेड होतं की लोक त्यांना ‘जाडा पाँग’ (पाँग हे त्यांचं चिनी आडनाव) म्हणायचे आणि त्यांच्या आवडीच्या दुकानाला आपोआप जाहिरात मिळाली. साहेबाचा पदार्थ, चिनी साटा, आणि साहेब परत तोच खायला रांगेत.

दुपारी तीननंतर पुन्हा चक्कर मारली, कारण तेव्हा दुसरी भट्टी उतरते. तिथे दुपारच्या चहाला ‘साम तिम साम’ म्हणतात, म्हणजे सव्वातीन. बांधकामावरचे मजूर, शाळेतली पोरं, पिशव्या घेतलेल्या आज्या, सगळे त्या वेळेला कपाटापुढे. मी बाकीच्या ट्रेंकडे वळले.

तिथली नावं म्हणजे निव्वळ फसवणूक. ‘बो लो बाउ’ म्हणजे अननसाचा बन, आत अननस औषधालाही नाही. वर साखर-मैद्याचा थर देतात, तो भट्टीत तडकतो आणि अननसाच्या सालीसारखा दिसतो. ‘लो पो बेंग’ म्हणजे बायकोचा केक. आत कोहळ्याचं गोड सारण. नवऱ्याने तो घेऊन माझ्याकडे अर्थपूर्ण बघितलं, मी लक्ष दिलं नाही. आणि ‘गाय मेई बाउ’, कॉकटेल बन, दारूचा थेंब नसलेला. याची गोष्ट मला सगळ्यात आवडली. पन्नासच्या दशकात न खपलेले बन टाकवत नव्हते, म्हणून कुणा बेकरीवाल्याने ते कुस्करून त्यात साखर, लोणी, खोबरं घातलं आणि ताज्या पिठात भरून पुन्हा भाजले, अशी ती गोष्ट आहे. शिळ्या पोळ्यांचा मलिदा करून मुलांना ‘लाडू’ म्हणून देणाऱ्या कुठल्याही आईला हे सांगून समजवायला नको. आज अर्थात शिळं कुणी वापरत नाही, सारण मुद्दाम करतात. पण चव तीच, कुस्करलेल्या खोबऱ्याची. २०१४ मध्ये हाँगकाँगने आपल्या अमूर्त वारशाची ४८० गोष्टींची पहिली यादी केली, तिच्यात अंड्याचा टार्ट आणि अननसाचा बन बनवण्याचं कसब दोन्ही आहेत.

शनिवारी सकाळी माझ्या डोक्यात प्रश्न आला. खरं तर पहिल्या घासालाच यायला हवा होता. साटा कशाचा?

आमच्याकडे अंडी चालतात, कोंबडी, मासे चालतात. डुक्कर नाही. कुणी नको म्हटलेलं नाही, पण घरात कधी शिजलं नाही आणि मीही कधी खाल्लं नाही. काकूंना विचारायला गेले तर फोनवरच्या भाषांतराने काय वाक्य बनवलं देव जाणे, तिने ते वाचलं, भुवया वर केल्या आणि फोन परत दिला. तेव्हा नवरा पुढे सरसावला. त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदी पिशवीवर डुक्कर काढलं. चांगलं काढलं. वळलेलं शेपूटसुद्धा. मग टार्टकडे बोट, डुकराकडे बोट, आणि प्रश्नार्थक चेहरा.

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी चिमटा उचलला, खालच्या ट्रेमधून दोन चकचकीत बन काढले, त्याच पिशवीत घातले आणि गणकयंत्रावर आकडा दाखवला.

चा सिउ बाउ. आत भाजलेल्या डुकराचं गोडसर सारण. दोन्ही नवऱ्याने खाल्ले, रस्त्यातच, बोटं चाटत. “विचारलं म्हणून मिळालं,” एवढंच म्हणाला.

उत्तर मिळालं ते रविवारी, समुद्रावर. भाचीला सुट्टी होती म्हणून मकावला निघालो होतो, २०१८ साली सुरू झालेल्या त्या ५५ किलोमीटरच्या पुलावरून. दोन्ही बाजूंना राखाडी पाणी, मध्ये बस, आणि मी साट्याचा विषय काढला. भाची शांतपणे म्हणाली, “पापुद्र्याचा असेल तर पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी असते, मावशी. मला वाटलं तुला माहीत आहे.” दुसरा प्रकारही असतो, ‘न्गाउ याउ पेई’, म्हणजे लोण्याचं कवच, ते बिस्किटासारखं भुसभुशीत, पापुद्रे नाहीत. त्यात सहसा चरबी नसते.

तोवर माझे सात खाऊन झाले होते.

वाईट वाटलं का? वाटलं. पण ज्याचं वाटायला हवं होतं त्याचं नाही. वाटलं ते हे, की माझे चिरोटे का बसतात ते मला बावीस वर्षांनी, परक्या समुद्रावर कळलं. तूप मऊ. हाताच्या उबेनेही वितळतं आणि पिठात मुरतं, मग थर एकमेकांना चिकटतात. चरबी घट्ट राहते, थराथरात पसरून बसते आणि भट्टीत गेल्यावरच सुटते. माझी आई डालड्याचा साटा करायची. मी लग्नानंतर साजूक तुपावर आले आणि तिच्या डालड्याला नाक मुरडलं. तिचे चिरोटे फुलासारखे उमलायचे.

मकावचं थोडक्यात सांगते. तिथला टार्ट वेगळा, वरून करपून काळे डाग पडलेला, जास्त गोड, जास्त महाग. तो पोर्तुगिजांच्या ‘पास्तेल दे नाता’चा भाऊ, पण मकावमध्ये गाजवला एका इंग्रजाने, अँड्र्यू स्टो याने, कोलोआनच्या बेकरीत १९८९ पासून. चौकातली पांढरी-काळी लाटांची फरसबंदी आणि पिवळं चर्च बघून नवरा म्हणाला, पणजीला आल्यासारखं वाटतं. वाटणारच. मकावही पोर्तुगिजांचंच होतं, आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. आपला ‘पाव’ही पोर्तुगिजांचाच शब्द. ‘पाव’ आणि ‘बाउ’ मात्र सख्खे भाऊ वाटले तरी नाहीत; चिनी ‘बाउ’चा मूळ अर्थ गुंडाळणं.

सोमवारी-मंगळवारी मी शहाण्यासारखी वागले. हाँगकाँगच्या सेंट्रल या व्यापारी भागातल्या एका जुन्या दुकानात लोण्याच्या कवचाचा टार्ट शोधून खाल्ला. चांगला होता. नानकटाईत खरवस भरल्यासारखा. किंमत शाम शुई पोच्या जवळजवळ दुप्पट, आणि तिथली बाई मला सुंदरी म्हणाली नाही. तुम्ही अंडं खाता पण चरबी नको असेल, तर ते तीन शब्द पाठ करून जा. बनच्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही, अननसाच्या बनच्या वरच्या थरातही चरबी असू शकते. अंडंही न खाणाऱ्यांनी फळं घ्यावीत, तिथे ड्रॅगन फ्रूट छान मिळतं.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा घेऊन बसथांब्यावर आलो. थांबा बेकरीपासून पन्नास पावलांवर. विमानतळाची बस यायला बारा मिनिटं होती. नवऱ्याला बॅगांपाशी उभं केलं आणि गेले. काकूंना म्हटलं, “न्गाउ याउ पेई.” त्यांना कळलं नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला, मला तीनदा म्हणायला लावलं, मागच्या बनियनवाल्याला हाक मारली, तोही ऐकायला आला, आणि दोघं खूश होऊन हसले.

मग ती म्हणाली, “मोउ.” मोउ म्हणजे नाही, तेवढं एव्हाना कळत होतं. या दुकानात लोण्याचं कवच होतच नव्हतं. होता तो पापुद्र्याचा, आत्ता उतरलेला, ट्रेमध्ये अजून थरथरत असलेला.

मी दोन बोटं वर केली.

बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. पिशवीचा तळ तुपकट, म्हणजे चरबीकट, झाला होता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं, “आज गुरुवार नाही ना गं?”

मी फोन काढून बघितलं. बुधवार होता.