देवाला 'हो' म्हणायची भीती

देवाला 'हो' म्हणायची भीती वाटते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता, चर्चमधली क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणवाटेची प्रार्थना, संपली आणि मी स्कूटी काढत होते तर आमच्या पॅरिशमधली, म्हणजे आमच्याच चर्चची, एक मुलगी आली आणि म्हणाली, आंटी, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं म्हणायला तुम्हाला भीती नाही वाटत? समजा मी मनापासून म्हटलं आणि त्याने नेमकं मला नको तेच दिलं तर? हे मला आधीही बऱ्याच जणांनी विचारलंय. तेव्हा 'नंतर बोलू' म्हणून सटकले, घरी बोंबील साफ करायचे होते हे खरं, पण उत्तर पटकन देण्यासारखं नाही हेही खरं.

वाटते भीती. आधी तर फारच वाटायची.

मी 14 वर्षांची होते तेव्हा पप्पा गेले. वाडीत केळींना पाणी सोडताना, अचानक. घर बायकांनी भरलं आणि जी येईल ती मम्मीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, देवाची इच्छा. त्या दिवशी मी हे इतक्या वेळा ऐकलं की मला वाटायला लागलं देवाला दुसरं काही हवंच नसतं. आणि बघा ना, आपण हे वाक्य वापरतो कधी? केळीला भाव चांगला मिळाला, पोरगी पास झाली, होडी भरून आली की कोणी म्हणतं का देवाची इच्छा? तेव्हा नशीब असतं, मेहनत असते, फार तर देवाची कृपा. इच्छा फक्त मयताच्या घरी.

त्यात आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला काय सांगितलं, तर आपल्या वसईचा मुलगा देवाला हो म्हणाला आणि 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर मेला. झालं! मी मनात म्हटलं, आपण नाही हो म्हणायचं बाबा. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की मधलं सगळं गाळलं होतं. ते तरुणपणीच जपानला गेले, जेज्विट या धर्मगुरूंच्या संघाबरोबर काम केलं, तिथली भाषा छान शिकले, जेज्विट व्हायचं होतं ते काही जमलं नाही, मग व्यापार केला आणि तो चाललाही, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेले आणि ती शिकलेली जपानी कामी आली, दुभाषी म्हणून परत जपानला. एवढं भरलेलं आयुष्य, आणि आम्हाला दाखवला फक्त शेवटचा दिवस. (शिकवणाऱ्या सिस्टरांचा दोष नाही, अर्ध्या तासात किती सांगणार.)

तर पप्पा गेल्यापासून मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना म्हणताना मी ती 'तुझ्या इच्छेप्रमाणे'ची एक ओळ गाळायचे. 'तुझे राज्य येवो' म्हणायचं, मग गप्प, आणि एकदम 'आमची रोजची भाकर'. वीसेक वर्षं कोणाला कळलं नाही. माझी मुलगी सात वर्षांची असताना भर मिस्सात मोठ्याने म्हणाली, मम्मी, तू मधलं का नाही बोलत?

तिला काय सांगणार? घरी येऊन बायबल काढलं. गेथशेमाने बाग, म्हणजे येशूने पकडलं जाण्याआधी प्रार्थना केली ती गोष्ट, मी शंभर वेळा ऐकली असेन पण त्या दिवशी नीट वाचली. येशू आधी सरळ म्हणतो की हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर. मग 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको'. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात तो तीनदा जाऊन तीच प्रार्थना करतो. म्हणजे 'मला हे नको' असं म्हणणं बंडखोरी नाही, ते प्रार्थनेतच बसतं! येशूची आई मरियासुद्धा, देवदूत बाळाची बातमी घेऊन येतो तेव्हा, 'हो' म्हणायच्या आधी विचारते, हे कसं होईल? मी मात्र समजून बसले होते की भीती गेल्यावरच 'हो' म्हणायचं असतं.

वादळात होडीत झोपलेल्या येशूचं उदाहरण सगळे फादर देतात म्हणून मी देत नाही, मला मत्तयच्या सातव्या अध्यायातला मासा जास्त पटतो. मुलाने मासा मागितला तर कोणता बाप साप देईल? आमच्याकडे बाजारात वाम मिळतो, लांबलचक, अगदी सापासारखा, लहानपणी मी पाटीत बघून किंचाळले होते, पप्पा हसत होते आणि संध्याकाळी त्याच्याच कालवणाबरोबर मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आता पप्पा जाणं हा वाम होता असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर मी भांडेन. ते अजूनही सापच वाटतं. पण पाटीतली प्रत्येक लांब वस्तू साप नसते एवढं मी आता मानते.

मुलीने नर्सिंग केलं आणि गेल्या वर्षी आयर्लंडला निघाली. मला नको होतं. तीन रात्री मी देवाला तेच सांगितलं, नको नको नको, आणि चौथ्या रात्री थकून म्हटलं, बरं, तू बघ, पण मला भीती वाटतेय हे लक्षात ठेव. शांती वगैरे काही उतरली नाही हां. झोप लागली फक्त.

आता मिस्सात ती ओळ म्हणते मी. आवाज बारीक होतो, मध्ये थांबते, आणि तोवर शेजारची मावशी भाकरीपर्यंत पोचलेली असते.