नी-ऑलेसुंद: गूजच्या घरट्यांवरचा जून

गूज म्हणजे जंगली हंसबदक. त्यांच्या घरट्यांच्या नोंदी घ्यायला नी-ऑलेसुंद या संशोधकांच्या वस्तीत जायचं, तर तिकिटाच्या आधी व्हिसा बघा. ही वस्ती ज्या आर्क्टिक द्वीपसमूहात आहे, ते स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, नाही. ऑस्लोहून स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन गाठलं की तुम्ही शेंगेनबाहेर, आणि एकाच प्रवेशाच्या व्हिसावर परतताना अडकाल. किमान दोन प्रवेशांचा घ्या. तिथून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत नी-ऑलेसुंद. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून इथेच आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि तसाच ठेवायचा. वाय-फाय, ब्लूटूथ दोन्ही बंद, कारण इथल्या रेडिओ दुर्बिणी फार क्षीण संकेत टिपतात. ब्लूटूथवर चालणारा लॉगर (आपोआप नोंदी घेणारं यंत्र) आणू नका, केबलचा आणा.

जूनमध्ये सूर्य मावळत नाही, म्हणून झोप घड्याळावर बांधा. डोळ्यांवरची पट्टी विसरलात तर चार दिवसांत नोंदी चुकायला लागतात.

बार्नॅकल जातीचे गूज फ्योर्डमधल्या (समुद्राच्या अरुंद, खोल खाडीतल्या) बेटांवर घरटी करतात. पक्षी अभयारण्य असलेल्या बेटांवर १५ मे ते १५ ऑगस्ट परवानगीशिवाय उतरता येत नाही; तो अर्ज महिनोन्‌महिने आधी करा. मादी उठली की अंडी उघडी पडतात आणि ग्लॉकस कुरव, स्कुआ हे अंडी पळवणारे समुद्रपक्षी वर टपलेलेच असतात. म्हणून घरट्याचा क्रमांक आणि तारीख लांबूनच वहीत लिहून घ्या, पेन्सिलीने. पेनाची शाई थंडीत दगा देते. जवळ गेल्यावर एकाने हाताळायचं, दुसऱ्याने लिहायचं. अंडी मोजा, बहुधा चार-पाच. कॅलिपरने लांबी-रुंदी घ्या, मग अंडं किती दिवस उबवलंय ते कळायला एकेक अंडं थर्मासमधल्या कोमट पाण्यात सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, पुढे त्याचं बोथड टोक वर उठतं, आणखी उबवलेलं तरंगतं. अंडं पुसून परत ठेवा. मग सगळ्यांत महत्त्वाचं: घरट्याच्या कडेची राखाडी मऊ पिसं आत ओढून अंडी पूर्ण झाका. झाकली नाहीत तर तुमची पाठ वळताच कुरव उतरतो, आणि ते नुकसान आपणच केलेलं असतं. घरट्याच्या खुणेसाठी झेंडे रोवू नका, जीपीएस पुरतं.

ध्रुवीय अस्वलासाठी एक माणूस फक्त पहाऱ्याला हवा. त्याला अंडी मोजायला बसवायचं नाही, कितीही घाई असो. रायफलचं मॅगझिन भरलेलं, चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामं. वस्तीत मात्र पूर्ण रिकामी. नियमाने अस्वलापासून किमान अंतर ३०० मीटर, पण १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. धुकं उतरलं की काम थांबवा.

आर्क्टिक सुरय हे समुद्रपक्षी वस्तीतच अंडी घालतात आणि डोक्यावर चोच मारतात. वार सर्वांत उंच टोकावर होतो, त्यामुळे काठी डोक्यावर उभी धरून चाला.

मेलेला कोल्हा दिसला तर हात लावू नका, इथे रेबीज आहे. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. कॅमेरा दाराबाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर दोन तास उघडू नका, नाहीतर भिंगाच्या आत दव धरतं.