आमची वाटचाल : पावडर बंद केली त्याची गोष्ट

आमच्या गुऱ्हाळाला यंदा बत्तीस सीझन झाले. करवीर तालुक्यात, नदीकाठचं रान, वडलांनी दोन एकर ऊस आणि उसनी आणलेली काहील एवढ्यावर चालू केलं. मधली वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही, आदणामागनं आदण (काहिलीतला रस आटवून काढलेला एकेक घाणा) निघत गेलं. मला सांगायचंय ते पावडरचं.

पावडर म्हणजे हायड्रॉस, गूळ पिवळा दिसावा म्हणून उकळत्या रसात टाकायचं रसायन. आपल्यातल्यांना माहीतच आहे. 2009 ला आमच्या दलालानं (नाव घेत नाही) गुळाचा रवा (ढेप) फोडून हातात दिला आणि म्हणाला, माल लालसर आहे, गुजरातवाला पिवळा मागतो, असला आणू नका. त्या सौद्याला (बाजारातल्या लिलावाला) शेजारच्या शिवारातल्या गुऱ्हाळाचा माल आमच्यापेक्षा चारशे रुपये क्विंटलला जास्त गेला. ऊस तोच, पाणी तेच. मी घरी येताना पावडरचा डबा घेऊनच आलो.

आमचे गुळवे, म्हणजे काहिलीवर उभं राहून गूळ शिजवणारे, मामा वडलांच्या वेळेपासनंचे, खरं तर पगारी माणूस नव्हे, निम्म्याचा भागीदारच म्हणा. बाभळीच्या दांड्याचा त्यांचा झारा, दांड्यावर बोटं धरून धरून खळगे पडलेले, दुसऱ्या कुणाच्या हाताला तो बसायचाच नाही. भेंडीचं पाणी सोडलं की रसातली मळी (घाण) वर यायची आणि मामा ती अशी काढायचे की रसाचा थेंब वाया जात नव्हता. पाक झाला का बघायला थर्मामीटर नाही, पाण्यात गोळी करून परातीवर आपटायची, आवाजावरनं ठरवायचं. मी डबा उघडला तसे मामा काहिलीपासनं बाजूला झाले. "तू टाक, माझ्या हातनं न्हाई हुयाचं." मग मीच टाकली. चमचाभर पडली की डोळ्यादेखत रंग उघडतो, सोन्यासारखा. पावडरीनं गुळात उरणारा सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमच्या (दहा लाख भागांत सत्तर) आत पाहिजे असा नियम आहे, पण रात्री दोनला चुलवाणापाशी (काहिलीखालच्या भट्टीपाशी) पीपीएम कोण मोजतंय, हाताला येईल तेवढी पडते.

पाच सीझन टाकली. आता लोक म्हणतील पोटासाठी तडजोड करावीच लागते, मान्य आहे, मीपण केल्यात. तीस किलोचा रवा मोडून दहाचा केला, मग किलोचा केला, मामांना ते आवडलं नाही. डिझेल इंजन काढून मोटर बसवली. उधारीवर ऊस घेतला, दोन वर्षं स्वतःचा पगार काढला नाही. यातलं काहीच मला गिऱ्हाइकापासनं झाकावं लागलं नाही. पावडरचा डबा मात्र मी चिपाडाच्या गंजीमागं ठेवायचो. कुणी गुऱ्हाळ बघायला आलं की पहिली नजर तिकडं जायची. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

पुण्याच्या एक काकू दर डिसेंबरला संक्रांतीच्या गुळपोळीसाठी वीस किलो न्यायच्या, वडील असल्यापासनं. 2013 ला फोनवर त्यांनी सरळ विचारलं, अहो, गेल्या वर्षीचा गूळ डब्यात ठेवला तो काळा पडला, चवीला पण जरा खारट लागतो, काही घालता का त्यात? मी दोन मिनिटं उसाची जात, क्षारपड रान असलं काहीतरी बोलत राहिलो, त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणालो, हो, पावडर घालतो. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, यंदा नको मग. आणि फोन ठेवला. रागावल्या नाहीत याचंच जास्त लागलं.

पुढच्या सीझनला पावडर बंद. 2014, कोल्हापुरी गुळाला जीआय (त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन) मिळाला तेच वर्ष. आमचा चॉकलेटी माल सौद्यात पडून राहिला, दलालानं उचल (आगाऊ दिलेले पैसे) परत मागितली, बायकोचे दागिने बँकेत गेले, आणि शेजारच्यानं आमची दोन माणसं जास्त मजुरी देऊन सीझनच्या मध्यात पळवली. साखर स्वस्त झाली की हा माणूस काहिलीत साखरेची पोती ओततो, सगळ्या गावाला माहीत आहे, आणि पाकिटावर सेंद्रिय लिहितो. मी त्याच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथं लिहायला कचरत नाही. जानेवारीत अठरा दिवस चुलवाण थंड होतं. मामा तरी रोज यायचे, काहील घासून पालथी घालायचे आणि जायचे.

नवीन गुऱ्हाळ घालणाऱ्या पोरांना सांगतो, माणसांना उचल एकदम देऊ नका, आठवड्याला द्या. सगळा माल एका दलालाकडं लावू नका, त्याचे पैसे अंगावर असले की तो सांगेल तो रंग काढावा लागतो. बांधावर रानभेंडी लावा, ऐन सीझनला विकत मिळत नाही. आणि टनाला शंभर-सव्वाशे किलोच्या वर गूळ निघतोय असं कुणी सांगत असेल तर त्याचं साखरेच्या पोत्यांचं गोडाऊन बघून या.

मामा 2020 ला गेले. झारा ठेवलाय, वापरत नाही. आम्ही चुना घालतो तो पाकिटावर छापतो, त्यावरनं काहीजण पाकीट परत ठेवतात, ठेवू देत.

काकूंचा फोन 2015 ला परत आला होता, तेव्हापासनं चुकला नाही. यंदा त्यांच्या सुनेनं केला. तिनंपण तेच विचारलं, काय काय घालता? म्हटलं ऊस, भेंडी आणि चिमूटभर चुना. वीस किलो लिहून घेतले.