खुर्ची नंबर अकरा

शुक्रवारी रात्री आठचं बुकिंग होतं, बावीस जणांचं. आठ वाजता आले नऊ जण.

मी एका बार अँड ग्रिलमध्ये पासवर उभा असतो. पास म्हणजे किचन आणि हॉल यांच्या मधला स्टीलचा लांब ओटा, ज्याच्यावर प्लेटा गरम ठेवणारे दिवे टांगलेले असतात. आलेली केओटी, म्हणजे किचनला येणारी ऑर्डरची चिठ्ठी, मी मोठ्याने वाचतो, कुठला पदार्थ कधी ग्रिलवर चढवायचा ते ओरडून सांगतो आणि निघणाऱ्या प्लेटची कड पुसतो. स्वतः काहीच शिजवत नाही. ग्रिलवरची मंडळी मला 'बोलका खांब' म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

चार-चार जणांची सहा टेबलं परवडतात, पण बावीस जणांचं एक टेबल घाम काढतं. सहा टेबलं आपापल्या वेळेने मागे-पुढे होतात. बावीस जणांना मात्र एकदमच वाढावं लागतं, म्हणून सगळा हिशोब उलटा मांडायचा. सगळ्यात हळू काय? हाडासकट चिकन, पस्तीस मिनिटं. मग ते आधी चढवा. जाड स्टेक वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेला, हवा असेल तर तो त्याच्या मागोमाग. मीडियम, म्हणजे आतून गुलाबी राहिलेला, त्यानंतर, कारण जाळीवरून उतरवल्यावरही मांस आतून तीन-चार अंश तापतच राहतं, तेवढं आधी उतरवायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. मासा शेवटच्या आठ मिनिटांत. आणि फ्राइज अगदी शेवटी, कारण त्या स्वतःच्याच वाफेने बघता बघता मऊ पडतात.

प्रत्येक ग्रुपमध्ये बुकिंग करणारा एक जीव असतो. तो लगेच ओळखू येतो: दाराकडे तोंड करून बसतो आणि दर पाच मिनिटांनी म्हणतो, "निघालेत, पोचतीलच." आमच्या या गृहस्थांनी पावणेनऊपर्यंत ऑर्डर द्यायची थांबवून धरली. बारला काही तक्रार नव्हती.

ऑर्डर आमच्या कॅप्टनने घेतली, खुर्चीच्या नंबरांप्रमाणे. खांबाजवळची खुर्ची एक, तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत जायचं. म्हणजे वाढताना "चिकन कुणाचं?" असं विचारावं लागत नाही. केओटीवर अकरा नंबरपुढे ठळक लिहिलेलं होतं: 'चिकन. अ‍ॅलर्जी – तीळ.' वर ती स्वतः येऊन मला सांगून गेली आणि मी तिला ते परत म्हणून दाखवलं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

तीळ फार चोरटा प्रकार आहे. पावावर दिसतो म्हणून आपण तेवढाच धरतो. खरा तो मॅरिनेडच्या, म्हणजे मांस मुरवायच्या मसाल्याच्या, तेलात आणि सॉसमध्ये असतो. अमेरिकेत २०२३ पासून प्रमुख अ‍ॅलर्जींच्या यादीत तो नववा आला, तेव्हा काही बेकऱ्यांनी काय केलं? यंत्रं तीळमुक्त ठेवत बसण्यापेक्षा पावात मुद्दामच तीळ घातले आणि लेबलवर तसं छापून टाकलं. कायद्यात चोख बसलं. अ‍ॅलर्जीवाल्यांचे मात्र होते ते पावही गेले.

तर अकरा नंबरचं चिकन आमच्या ग्रिलवाल्याने जाळीवर टाकलंच नाही, कारण जाळीला मॅरिनेड लागलेलं होतं. त्याने साबणाने हात धुतले (सॅनिटायझरने जंतू मरतात, तिळाचं प्रथिन हातावर तसंच राहतं), जांभळा कटिंग बोर्ड काढला (जांभळा रंग म्हणजे अ‍ॅलर्जीची ऑर्डर) आणि वेगळ्या पॅनमध्ये, वेगळ्या चिमट्याने ते शिजवलं. फ्राइजऐवजी भाजलेला बटाटा दिला. सॉस नाही. थर्मामीटर खुपसून ७४ अंश बघितलं आणि प्लेटवर जांभळी झेंडी टोचली.

दरम्यान उशिरा येणारे आले, मिठ्या झाल्या आणि सगळे ग्रुप फोटोसाठी उठले. मी पासवरून तो फोटो बघितला. कुणीतरी डोळे मिटले म्हणून दोनदा काढला. मग सगळे परत बसले. मी मान खाली घालून पुढची केओटी वाचायला लागलो. ती चूक माझी. बावीस माणसं उठून पुन्हा बसतात तेव्हा आधीच्याच खुर्च्यांवर बसत नाहीत, हे इतकी वर्षं पासवर उभं राहून मला कळायला हवं होतं.

प्लेटा निघाल्या. हात कमी पडले म्हणून बारमधली दोन मुलंही धावली. अकरा नंबरची प्लेट त्यांच्यातल्याच एकाने नेली. "तीळ नसलेलं चिकन?" त्याने विचारलं. तिथे चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस हसत होता. तो "हो, हो" म्हणाला. त्या गोंगाटात कुणी काहीही विचारलं तरी माणसं हो-होच म्हणतात.

प्लेटा गेल्या की मी एकदा टेबलाकडे बघतो. ती माझी सवय आहे. झेंडी शोधली तर ती त्या माणसाने उपटून स्वतःच्या ग्लासातल्या लिंबाच्या फोडीत खोचली होती.

कॅप्टन शेजारीच होती. "अकरा नंबरला बाई होत्या," ती म्हणाली. "हिरवा स्वेटर." हिरवा स्वेटर चार नंबरवर होता.

मी पासच्या खालून वाकून बाहेर आलो. एरवी मी हॉलमध्ये जात नाही. एप्रन बघवत नाही इतका मळलेला असतो. बाईंनी चिकनचा तुकडा कापला होता, काटा हातात होता आणि काट्याच्या टोकाला तपकिरी सॉस. मी प्लेटवर सरळ हातच ठेवला. "मॅडम, थांबा. यातलं काही खाल्लंत?"

"चिकन नाही," त्या म्हणाल्या. "एक फ्राय खाल्ली."

एक फ्राय. म्हणजे आता प्रश्न तेलाचा. आमच्याकडे तळणीचे दोन फ्रायर आहेत: डावा फक्त फ्राइजचा, उजवा बाकी सगळ्याचा. तिळाचं कोटिंग असलेलं चिकन उजव्यात तळलं जातं. निदान तसं ठरलेलं आहे. मी परत आत पळालो, खिळ्याला टोचलेल्या संध्याकाळच्या सगळ्या केओट्या उपसल्या आणि चाळल्या. तिळाचं चिकन चारदा गेलं होतं.

"चारही उजव्यात?" मी फ्रायरवरच्या मुलाला विचारलं.

तो काही बोलला नाही. नवीन आहे, दोन महिने झालेत. हो म्हणाला असता तर मला पडताळायला कुठलाच मार्ग नव्हता.

"साडेसातच्या गर्दीत एक डाव्यात टाकलं, शेफ," तो म्हणाला.

हे बाईंना जाऊन सांगायचं काम माझं होतं. टेबल गप्प झालं होतं. स्टेक समोर, काटे खाली. ज्यांनी बुकिंग केलं होतं ते उभेच होते, जणू आपणच गुन्हा केलाय. मी जसं होतं तसं सांगितलं: त्या तेलात तीळ गेलेले आहेत, किती ते सांगता येत नाही, चूक आमची आहे. मॅनेजर फोन हातात घेऊन मागे उभा होता. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवतो, म्हणाला.

बाईंनी पर्समधून एपिनेफ्रिनचं पेन, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या झटक्यावर स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन, काढलं आणि सुरी-काट्याशेजारी ठेवलं. "बरं झालं खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे. जरा काही वाटलं तर पेन लावणार आणि निघणार. तुम्ही फक्त गाडी दारात ठेवा." मग शेजारच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "माझ्या ओठांकडे लक्ष ठेव."

रिअ‍ॅक्शन येते ती बहुतेक वेळा काही मिनिटांत, पण दोन तासांपर्यंतही येऊ शकते. मॅनेजरची गाडी दारात चालू ठेवली होती. मी पासवरून केओट्या वाचत होतो आणि दर वाक्याला चार नंबरकडे बघत होतो. बाकीच्यांनी वीसेक मिनिटं घासाला हात लावला नाही. मग बाईच त्यांना ओरडल्या, "अरे, खा ना! मला बघून काय पोट भरणार आहे?" स्टेक तोवर थंडगार झाले होते. आम्ही ते परत गरम करायला घेतले; मीडियमचे सगळे वेल डन झाले. कुणी चकार शब्द काढला नाही.

काही झालं नाही. पावणेअकराला त्यांनी जांभळ्या झेंडीचं नवं चिकन मागितलं आणि हाडापर्यंत साफ केलं. ती प्लेट मी स्वतः नेली. बिल आम्ही घेतलं नाही, तरी बुकिंगवाले गृहस्थ काउंटरवर पंधरा मिनिटं वाद घालत होते की निदान बारचं तरी घ्या.

रात्री एकला फ्रायरवरच्या मुलाने डाव्या फ्रायरचं तेल काढलं होतं आणि खांद्यापर्यंत हात आत घालून घासत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाकीच्यांसमोर एवढंच म्हटलं की याने खरं सांगितलं, आणि दुसरा ब्रश घेतला.

आता अ‍ॅलर्जीची प्लेट ऑर्डर घेणाराच नेतो, दुसरं कुणी नाही. आणि केओटीवर खुर्चीच्या नंबराबरोबर माणसाचं वर्णनही लिहायचं ठरलंय. परवा सोळा जणांच्या टेबलाची पहिली केओटी आली: 'शेंगदाणे – टक्कल, जोरात हसतो.' मी पासवरून बघितलं. तसे तिघं होते.